खिळे सांभाळणारी दाढ

टेका, निवांत टेका. ही खुर्ची चावत नाही. चावणारी मी आहे, आणि माझेही चावायचे दिवस आता सरले.

मी दाढ बोलतेय. दचकू नका, तुमची नव्हे. तुमची दाढ काय म्हणतेय ते डॉक्टरबाई पाहतील. मी बोलतेय ती तुमच्या पाठीमागून, अगदी शब्दशः पाठीमागून. या खुर्चीच्या पाठीच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे कुणाचा खांदा पोचत नाही, तिथे फोममध्ये एक लहानशी खोबण केली आहे. वरून रेक्झिन ओढलंय. त्या खोबणीत मी बसले आहे. मला इथे कुणी विसरून गेलेलं नाही. मानाने बसवलंय.

बाई आतल्या खोलीत अवजारं वाफेच्या यंत्रातून काढताहेत. तेवढा वेळ तुम्ही छताकडे बघत घाबरत बसणार, त्यापेक्षा माझं ऐका. भरभर सांगते. मला रेंगाळणं जमत नाही, आणि रेंगाळणाऱ्या माणसांचा तर मनापासून राग येतो. का, ते कळेलच.

माझा मालक नुकता शाळेत जायला लागला होता तेव्हा मी उगवले. दुधाचे दात पडतात आणि त्यांच्या जागी नवे येतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. माझं तसं नव्हतं. त्यांच्या मागे हिरडीवर मोकळी जागा होती, तिथे मी कुणालाही न ढकलता गुपचूप येऊन बसले. पुढचा दात हलायला लागला की घरभर बातमी व्हायची. माझं आगमन मात्र कुणाच्या गावीही नव्हतं. एका सकाळी आईने त्याचं तोंड उघडून दात घासून दिले तेव्हा ती म्हणाली, "अगंबाई, ही कधी आली?" एवढंच माझं स्वागत.

पण मी लवकर आले आणि मोक्याच्या जागी आले, त्यामुळे सगळ्यात जास्त काम माझ्या वाट्याला आलं. ऊस सोलणं माझ्याकडे, शेंगदाणे फोडणं माझ्याकडे, पेन्सिलीचं टोक चावणंही माझ्याकडेच. मला कामाचा कंटाळा कधीच नव्हता. आजही नाही.

मालकाच्या वडिलांचं खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवण्याचं दुकान होतं. पुढे ते मालकाकडे आलं. समोर रस्ता, आत स्प्रिंगांचे ढीग, तागाच्या पट्ट्या, काथ्या, फोमचे ठोकळे आणि या सगळ्यांचा मिळून एक कोरडा धुळकट वास. त्या दुकानात मला माझ्या आयुष्याचं खरं काम मिळालं.

ते काम नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरूनच घडलं.

खुर्चीवर कापड चढवायचं म्हणजे डाव्या हाताने ते ताणून धरावं लागतं. उजव्या हातात हातोडी. मग खिळा कुठल्या हाताने धरणार? या कामात माणसाला तिसरा हात लागतो, आणि तो तिसरा हात म्हणजे तोंड. मालक मूठभर बारीक खिळे डाव्या गालात भरायचा. जीभ त्यातला एक खिळा वेगळा काढायची, त्याचं डोकं पुढे वळवायची. मग गाल आत ओढला जायचा आणि खिळा ओठांवर हजर. हातोडीच्या एका टोकाला लोहचुंबक होतं. ते ओठांना टेकलं की खिळा त्याला चिकटून बाहेर. टक्, खिळा टेकला. हातोडी फिरवून टक् टक्, खिळा बसला. तोवर पुढचा खिळा ओठांवर येऊन उभा. पाहणाऱ्याला वाटायचं, हा माणूस खिळे गिळून खिळेच बोलतोय.

माझ्याकडे पहारा होता. सगळे खिळे माझ्या कडेला टेकून असायचे. एकही घशाकडे सटकू द्यायचा नाही, ही माझी जबाबदारी. इतक्या वर्षांत एकही सटकला नाही. स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करू नये म्हणतात, पण मी दुसऱ्याच्या तोंडात होते, तेव्हा चालायला हरकत नाही.

तोंड सदा भरलेलं, म्हणून गल्लीने मालकाचं नाव 'मौनीबाबा' ठेवलं. गिऱ्हाईक विचारायचं, "कधी मिळेल?" मौनीबाबा मान हलवायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "उद्या?" पुन्हा मान. बोलण्याचं खातं सगळं मालकीणबाईंकडे. त्या त्याच दुकानात शिवणयंत्रावर गाद्यांच्या खोळी शिवायच्या आणि पाय यंत्रावर, तोंड गिऱ्हाइकावर, अशा दोन्ही आघाड्या सांभाळायच्या.

"लग्नाच्या दिवशी यांच्या तोंडून 'हो' निघालं," त्या सांगायच्या, "त्यानंतर खिळेच निघताहेत."

कुणीतरी एकदा मालकाला स्टेपलची बंदूक आणून दाखवली. खटक् खटक् दाबलं की काम झालं, तोंडाला सुटी. मालकाने खिळे हातावर काढले आणि फक्त एवढंच म्हटलं, "कापडाला बंदूक दाखवायची?" आणि खिळे परत गालात. मालक माझ्यासारखाच होता, कामाच्या बाबतीत हट्टी. पण त्याच्या तोंडाला लोखंडाची चव यायची, ती घालवायला तो काम संपलं की खडीसाखरेचा खडा त्याच गालात ठेवायचा. तासन्‌तास. इथेच माझं बिनसलं.

साखरेने मला आधी एक टिकली दिली, मग टिकलीचं भोक झालं. मी निरोप पाठवायला सुरुवात केली. थंड पाणी लागलं की बारीक कळ. मालकाने पाणी उजव्या बाजूने प्यायला सुरुवात केली. मी जरा मोठी कळ पाठवली. त्याने लवंगेचा बोळा दाबला. मी ओरडले, त्याने उजव्या बाजूने चावायला सुरुवात केली. आता सांगा, याला काय म्हणावं? दारावर कुणी थाप मारतंय, तर दार उघडायचं की कानात कापूस घालायचा? माणसं दुखणं सहन करण्याला शौर्य समजतात. अहो, निरोप न वाचता परत पाठवण्यात कसलं आलंय शौर्य?

शेवटी एका सकाळी गाल असा सुजला की मालकीणबाईंनी यंत्र थांबवलं.

"आज सकाळी सकाळीच खिळे भरलेत?"

मालकाने तोंड उघडून दाखवलं. आत खिळे नव्हते.

"मग आरसा बघा आणि तसेच समोर जा. चप्पल इकडे आहे."

समोर म्हणजे इथे. रस्त्याच्या पलीकडे या डॉक्टरबाईंनी नुकताच दवाखाना थाटला होता. शिकून बाहेर पडल्या त्या कुणाच्या हाताखाली न राहता सरळ आमच्या गल्लीत आल्या. पाटी नवी, पडदे नवे, खुर्ची मात्र जुनी, कुठल्यातरी बंद झालेल्या दवाखान्यातली. बैठक फाटलेली, तिला चिकटपट्टी लावलेली. मालक हिच्यात आडवा झाला, दिवा तोंडावर आला, बाई म्हणाल्या, "आ करा," आणि मालक सुजलेल्या तोंडाने म्हणाला, "ही चिकटपट्टी कुणी लावली?"

"मीच लावली, काका. आधी दाढ बघू, मग खुर्ची बघू."

"बैठक काढून द्या. पाठ इथेच करावी लागेल, ती सुटत नाही."

"बरं. आता आ."

असा सौदा ठरला. बाईंनी माझं रूट कॅनाल केलं. काही खेपा लागल्या. घोड्याच्या केसाहून बारीक सुया माझ्या मुळांत घालून त्यांनी किडलेली नस काढली, आत धुतलं, पुसलं, गुलाबी रबरासारखं काहीतरी भरलं आणि मला बंद केलं. त्या फार तन्मयतेने काम करायच्या. ओठ दाताखाली धरून. एकदा मधेच त्यांना घरून फोन आला. "येतात हो बाबा, हळूहळू येतात लोक," त्या म्हणाल्या, "तुम्ही नका काळजी करू." बाहेरचा बाक तेव्हा रिकामा होता. मी हाडातून ऐकते, मला सगळं ऐकू येतं. त्या क्षणी ठरवलं, या पोरीचं काम मी वाया जाऊ देणार नाही.

पण माझ्या ठरवण्याने काय होतं? नस गेली तशी माझी निरोपाची तारच गेली. आता दुखलं तरी मला कळवता येणार नव्हतं. बाईंनी मालकाला स्पष्ट सांगितलं होतं, "नस काढलेली दाढ वाळक्या फांदीसारखी असते, काका. वरून कॅप बसवली की टिकेल. तोवर हिने कडक काही चावायचं नाही."

"हो हो," मालक म्हणाला.

'हो हो' म्हणजे काय, ते मालकीणबाईंना विचारा. दोनदा हो म्हणजे एकदाही नाही. पुढे बाई रस्त्यापलीकडून खूण करायच्या, डोक्यावर टोपी घातल्यासारखी. मालक मान हलवायचा.

"अहो, जा ना," मालकीणबाई म्हणायच्या.

"दुखत नाही. मग टोपी कशाला? वरातीला निघालीय का ती?"

खुर्चीची बैठक मात्र त्याने वेळेत करून दिली, अशी की बाई तिच्यावर हात फिरवतच राहिल्या. दुसऱ्याचं काम बिनचूक आणि स्वतःचं उद्यावर. अशी माणसं तुमच्या घरातही असतील, मी कशाला सांगू?

मग तो जाडजूड सोफा आला. स्प्रिंगा आवळायला मेणाची दोरी लागते. एक गाठ काही केल्या बसेना. डाव्या हातात स्प्रिंग, उजव्या हातात दोरीचं एक टोक, दुसरं टोक मालकाने सवयीने माझ्याखाली धरलं आणि मान झटकन मागे ओढली.

कडक्.

गाठ बसली. मालकाला वाटलं, सोफ्याचं लाकूड बोललं. लाकूड नव्हतं ते. मी वरपासून मुळापर्यंत उभी फुटले होते. आणि मला ओरडायला नस नव्हती.

काही दिवसांनी हिरडीवर पुळी आली, चावलं की हाड ठणकायला लागलं, तेव्हा स्वारी पुन्हा इथे. बाईंनी फोटो काढला, बघत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "काका, ही नाही वाचणार. मूळ फुटलंय. काढावी लागेल."

त्यांचा आवाज पडला होता. इतक्या खेपांची मेहनत होती ना. पण मालकाला वाटलं, बाईंचंच काहीतरी हुकलंय, म्हणून आवाज पडलाय. तो काही बोलला नाही. मौनीबाबाच तो. न बोललेला संशय हा न काढलेल्या किडीसारखा असतो, आतल्या आत भोक मोठं करतो.

मी निघाले तेव्हा त्याला काहीच दुखलं नाही, एवढं सफाईचं काम. बाईंनी समजावून सांगितलं, "इथे खड्ड्यात रक्ताची गुठळी जमेल, ती म्हणजे जखमेची खपली समजा. ती टिकली पाहिजे. आज चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, विडी-सिगारेट नाही, नळी लावून काही प्यायचं नाही."

"विडी ओढत नाही," मालक म्हणाला. मग माझ्याकडे बोट करून, "ती मला द्या."

"दाढ? कशाला?"

"एवढी वर्षं खिळे सांभाळलेत तिने."

बाईंनी मला धुऊन एका प्लास्टिकच्या डबीत घातलं. मी मालकाच्या शर्टाच्या खिशात गेले. तोंडातून बाहेर येऊन जग पाहिलं ते असं, शिलाईच्या फटीतून.

मालकाने बाईंचं अक्षरन्‌अक्षर पाळलं. चूळ भरली नाही. थुंकला नाही, लाळ गिळत राहिला. मालकीणबाईंनी दिलेलं मऊ मऊ खाल्लं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून मूठभर खिळे गालात भरले. डावा गाल नाजूक, म्हणून शहाण्यासारखे उजव्या गालात.

खिशातून मी ओरडत होते, अरे, गाल आत ओढू नकोस! पण ऐकणार कोण?

एकदोन दिवसांत खड्डा असा ठणकायला लागला की मी तोंडात असताना दिलेल्या सगळ्या कळा त्याच्यापुढे गुदगुल्या. कळ कानात, कानशिलात, डोळ्यामागे. तोंडाला घाण वास. औषधाची गोळी घेतली की जरा उसंत, की पुन्हा तेच. आमच्या शेजारी न्हाव्याचं दुकान आहे. न्हावी मालकाचा लहानपणचा सोबती. तो वस्तरा पुसत येऊन म्हणाला, "काय रे, दाढ काढली तरी हनुवटी धरूनच?"

मालकाने मान हलवली.

"म्हणजे गड्या, सरळ आहे. दुखणारी दाढ तोंडातच आहे. काढली ती चांगली. माझ्या मेहुण्याचं अस्संच झालं. काढल्यावर दुप्पट. डॉक्टर बदला म्हणालो, ऐकलं नाही."

झालं. चुलीत आधीच निखारा होता, न्हाव्याने फुंकर घातली. आणि न्हाव्याच्या दुकानात शिरलेली बातमी दाढी होईपर्यंत गल्लीभर. दवाखान्याकडे वळलेले लोक गाल धरून तसेच पुढे जायला लागले. बाईंचा बाक, जरा कुठे भरायला लागला होता, तो पुन्हा ओस. त्या दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघायच्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. हेच मला सहन होत नाही. माणसाची नालस्ती गल्लीभर करायची, फक्त त्या माणसापुढे तोंड उघडायचं नाही.

"तुम्ही जाऊन दाखवा तरी," मालकीणबाई म्हणाल्या.

"दाखवतो की. ही डबीच दाखवतो. चांगली दाढ काढलीस म्हणून तिच्या पुढ्यात ठेवतो आणि चार लोकांत सांगतो."

"मग आत्ता जा."

"आत्ता नाही. खुर्चीची पाठ राहिलीय."

"म्हणजे?"

"काम पुरं करतो, मग भांडतो. अर्धं काम अंगावर ठेवून भांडायला गेलो तर भांडणात माझी बाजू लंगडी पडेल."

मालकीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "तुमच्या भांडणालासुद्धा शिलाई लागते."

दवाखान्याच्या सुटीच्या दिवशी आम्ही इकडे आलो. मालकाच्या हातात हातोडी, खांद्यावर रेक्झिन, उजव्या गालात खिळे, खिशात मी. बाई टेबलाशी काही वाचत होत्या. "या काका," म्हणाल्या, "बरं आहे ना आता?" मालकाने मान हलवली. ती मान 'हो'ची होती की 'थांब, दाखवतो'ची, ते मलाच ठाऊक.

त्याने जुनं कापड फाडून काढलं. आतल्या लाकडी फळीवर नवा फोम बसवला. रेक्झिन ताणलं. टक्, टक् टक्. खालची कड झाली. टक्, टक् टक्. एक बाजू झाली. प्रत्येक खिळ्यामागे त्याच्या कपाळावर आठी उमटत होती, डोळ्याच्या कडेला पाणी येत होतं. पण हात थांबेना.

बाईंनी पुस्तक मिटलं. त्या बघत होत्या. आधी गंमत म्हणून, मग डोळे बारीक करून. त्या हातोडीकडे बघत नव्हत्या, गालाकडे बघत होत्या. गाल आत. खिळा बाहेर. गाल आत. खिळा बाहेर.

"काका! थांबा!"

मालक दचकला.

"तोंडात काय आहे?"

"अं."

"आधी काढा ते सगळं. हातावर."

मालकाने खिळे ओंजळीत काढले. बाईंनी एकदा खिळ्यांकडे पाहिलं, एकदा मालकाकडे.

"हे तुम्ही रोज करता?"

"मग? गाद्या काय फुंकून चिकटतात?"

"दाढ काढल्यावरसुद्धा केलंत?"

"दुसऱ्या दिवशीपासून. तुम्ही म्हणालात थुंकू नका, थुंकलो नाही. चूळ नको म्हणालात, नाही भरली. नळीने पिऊ नका, माझ्या घरात नळीच नाही. अजून काय पाळायचं होतं?"

बाई स्टूलावर बसल्या. आणि मला वाटलं त्या आता चिडतील, पण त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हलकेच मारलं.

"चोखू नका, हे तर सांगायचं होतं. अहो, नळीने पिताना गाल जसा आत ओढला जातो तसाच तुम्ही दिवसभर ओढताय. गुठळी राहील कशी तिथे? हाड उघडं पडलं असेल. म्हणून दुखतंय. काका, मी तुम्हाला विचारलंच नाही हो, तुम्ही काम कसं करता ते."

"आणि मी सांगितलं नाही," मालक म्हणाला. तोंड रिकामं झाल्यावर त्याला बोलता येत होतं, हे त्यालाच नवीन असावं. पण संशय एवढ्याने मरत नाही. त्याने खिशातून डबी काढली आणि मला टेबलावर ठेवलं.

"गल्लीत म्हणतात, चांगली दाढ काढलीत."

माझी साक्ष सुरू झाली. मी बोलू शकत नव्हते, पण मला बोलायची गरजही नव्हती. बाईंनी मोठा दिवा ओढला, मला चिमट्याने उभं धरलं आणि भिंग मालकाच्या हातात दिलं. "तुम्हीच बघा."

मालक बघत राहिला. डोक्यापासून मुळापर्यंत एक काळी केसासारखी रेघ. मालकाने आयुष्यभर खुर्च्यांचे पाय बघितलेत. लाकूड आडवं मोडलं तर जोडता येतं. पण रेषेत उभं फुटलं तर त्यात खिळा मारला की फट आणखी वाढते, तो पाय टाकूनच द्यावा लागतो. हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"उभी फुटलीय," तो पुटपुटला.

"हो. कॅप नव्हती. काही कडक चावलंत का?"

मालकाने भिंग खाली ठेवलं. त्याला तो आवाज आठवला असणार. सोफ्याचं लाकूड बोललं होतं, तो.

"दोरी ओढली होती," तो म्हणाला. "दाताने." मग भिंग बाईंकडे सरकवत, "पोरी, मी उद्या चार लोकांत तुला नावं ठेवणार होतो."

"उद्याचं उद्या. आता बसा. तुमच्याच खुर्चीत बसा."

पाठीची एक बाजू अजून उघडी होती, रेक्झिन लोंबत होतं. तशा खुर्चीत मालक आडवा झाला. बाईंनी खड्डा कोमट मिठाच्या पाण्याने हळूहळू धुतला, औषधाची बारीक पट्टी आत दाबली. लवंगेचा वास सुटला. तोच वास ज्याने मालक माझं तोंड बंद करू पाहत होता, आता तो योग्य जागी बसला होता. थोड्या वेळात मालकाचे खांदे उतरले, मुठी सुटल्या. आणि मी तुम्हाला सांगते, तो माणूस या खुर्चीत चक्क घोरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक न्हाव्याच्या दुकानात गेला. खुर्च्यांवर गिऱ्हाइकं होती. मी खिशात होते.

"ऐक रे," तो म्हणाला, आणि वस्तरे थांबले, कारण मौनीबाबा बोलत होता. "दाढ बरोबर काढली होती. फोडली मी, दोरी ओढून. जखम बिघडवली मी, खिळे फिरवून. बाईंनी एका पट्टीत कळ घालवली. आता जसं तू ते पसरवलंस तसं हे पसरव."

न्हावी जरा गडबडला. "म्हणजे आपलं मी मेहुण्याचं सांगितलं..."

"तुझा मेहुणा करतो काय?"

"बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो."

"मग विचार त्याला, दाढ काढल्यावर किती दिवस क्लॅरिनेट बंद ठेवलं होतं."

न्हाव्याचा वस्तरा हवेतच राहिला. गिऱ्हाईक साबण लावलेल्या तोंडाने एवढं हसलं की फेस आरशावर उडाला.

त्या हसण्यानेच काम झालं. बाक पुन्हा भरायला लागला. काही लोक तर दाढ न दुखताच आले, फक्त विचारायला, की आम्ही शीळ घालतो, आम्ही फुगे फुगवतो, आमचं काय? आणि बाईंनी एक नवी रीत सुरू केली. आ करायला सांगण्याआधी त्या विचारतात, "तुम्ही काम काय करता? कसं करता, करून दाखवा." परवा एका शिंपिणीने हवेत दोरा तोडून दाखवला, दाताने. बाई म्हणाल्या, "कात्री कुठे हरवली?"

मालकाची जखम भरली. त्याने तिसरा हात बदलला. मालकीणबाईंनी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून एका पट्टीत शिवलं, ती पट्टी त्याच्या डाव्या मनगटावर बांधली. खिळे आता तिथे बसतात. तोंड मोकळं झालं आणि वर्षानुवर्षं साठलेलं सगळं बाहेर यायला लागलं. स्प्रिंगांबद्दल, कापडाच्या भावाबद्दल, मालकीणबाईंनी टाकलेल्या शिलाईबद्दलसुद्धा.

"खिळेच बरे होते हो," मालकीणबाई म्हणतात. पण यंत्र थांबवून ऐकतात, हे मी पाहिलंय.

खुर्चीची राहिलेली बाजू बंद करायला मालक आला तो माझा शेवटचा प्रवास. त्याची एक जुनी सवय आहे. जे काम मनासारखं झालं त्याच्या आत, शेवटची कड ठोकण्याआधी, तो स्वतःचं काहीतरी ठेवतो. शर्टाचं बटण, धागा संपलेल्या रिळाचं नळकांडं, असलं काही. बाहेरून कुणाला दिसत नाही. त्या दिवशी त्याने फोममध्ये खोबण केली आणि मला बाहेर काढलं.

"काका, काहीतरीच काय!" बाई ओरडल्या. मग माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "आधी वाफेतून काढते तरी."

असं मी वाफ घेऊन, स्वच्छ होऊन इथे आले. शेवटचा खिळा बसला, टक्, टक् टक्, आणि अंधार झाला. छान उबदार अंधार आहे. मी अजून पहाराच करतेय, फक्त आता तोंडात नाही, तोंड उघडणाऱ्यांच्या पाठीशी. तुमच्यासारखी माणसं रोज येऊन टेकतात, त्यांचे ठोके मला रेक्झिनमधून कळतात. सुरुवातीला धाडधाड, मग हळूहळू शांत.

आता एकच सांगणं. दाढेने निरोप पाठवला की वाचा. टोपी घाला म्हटलं की घाला, उद्या नव्हे. आणि डॉक्टरने विचारलं नाही तरी तुम्ही आपण होऊन सांगा, की तुम्ही पोटासाठी काय करता आणि ते करताना तोंडाचं काय काम असतं. लाजू नका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मनात काही किल्मिष असेल तर ते न्हाव्याच्या दुकानात नव्हे, इथे, या दिव्याखाली काढा.

आल्या बघा बाई. हातमोजे चढवताहेत. खांदे सैल सोडा.

नाही, इतक्यात आ करू नका. आधी त्या विचारतील ते सांगा.